खिडकीतली होडी

सहा पेसो रोज, जेवण वेगळं,
आणि कुरकुर करायची नाही.
एवढं ठरलं आणि मी तिसऱ्या टेबलावर आडवा झालो.
पहिल्यावर अर्धा बिबट्या, दुसऱ्यावर कल्ले फुटलेली बाई.
मी रेडा होणार होतो.

लगुनाच्या तळ्याकाठचं खोबऱ्याचं गोदाम
चुना मारून त्यांनी प्रयोगशाळा केलं.
काचेच्या नळ्यांत उकळायची ती कपड्यांची नीळ,
ठिणग्या पाडायचा वेल्डर मेल्चोर, पडद्याआड उकिडवा बसून.
भिंतीला एक मोठी खिडकी होती
आणि तिच्यात, कोणीही न रंगवलेलं, आमचं तळं.

पहाटे चारला तेओदोरा माझ्या तोंडाशी बसायची.
रेड्याचा एकेक केस डिंकात बुडवून लावायची,
पोरीच्या डोक्यातली ऊ काढावी तशी, फक्त उलट.
"हलू नकोस क्रिस्पुलो,
माणसासारखा बस."

डॉक्टर झालेला गोरा नट तसा गरीब स्वभावाचा.
रबरी हातमोजे चढवून इंग्रजीत म्हणायचा,
तुला मी मरणापलीकडे नेईन.
कट झालं की स्वतःची सिगारेट
माझ्या ओठांशी धरायचा,
माझे हात चामड्याच्या पट्ट्यांत असायचे म्हणून.
नाव विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी डिंक संपला.
मनिलाहून नवा आला, चपलांच्या कारखान्यातला.
दिव्यांखाली तो तापत गेला.
त्यानंतर मी जे ओरडलो ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.
आईला हाक मारली, मग संत अंतोनियोला,
मग हाक कुणाला ते कळेनासं झालं.
दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे हात वर करून उभा:
थांबू नका. कोणीही थांबू नका.
डॉक्टरने माझ्या डोळ्यांत पाहिलं.
त्याला कळलं होतं.
त्याने आपलं वाक्य म्हटलं.

मानेवर तळहाताएवढी जागा आहे,
तिथे अजून घाम येत नाही.

बेचाळीस वर्षांनी ल्यों शहरातला एक विद्यार्थी
सिनेमा घेऊन दारात आला.
चष्मा घामाने सारखा घसरत होता त्याचा.
म्हणाला, तिकडे रात्रीचे खेळ भरतात,
तुमच्या किंकाळीला लोक उभे राहून टाळ्या देतात.
भलं पोर. जपून बोलत होतं.
शेवटच्या पाटीत मी होतो: तिसरा मनुष्यपशू.

पासेन्सिया तांदूळ निवडत बघत होती.
मी ओरडलो, तशी तिने सूप खाली ठेवलं.
"मागे घे."
मला वाटलं, आता रडणार.
एवढी वर्षं तिला सांगितलं होतं, पाण्याने भाजलं.
"अजून मागे. इथे. माझ्या बोटाखाली."

माझ्या शिंगाच्या टोकापासून
दिव्याच्या खांबापर्यंत
एक होडी जाते.
पांढरा सदरा, उभा माणूस, हातात वल्हं.
अकरा सेकंद.
"अन्सेल्मो," ती म्हणाली.

तिचा भाऊ. पुढच्या ऑक्टोबरच्या वादळात
होडी परत आली, तो नाही.
फोटो एकही नव्हता.
बाप्तिस्म्याच्या एकुलत्या फोटोत
नेमका खांबामागे उभा राहिला होता, गाढव.

पोर जाताना चकती ठेवून गेलं.
आता रात्रीच्या भातानंतर ती मला टेबलावर निजवते.
आवाज बंद कर म्हटलं तर करत नाही.
म्हणते, तू श्वास घेतोस तेव्हा
मध्येच पाणी ऐकू येतं.

मी सहसा अंगणात जाऊन बसतो.
काल बसलो नाही.
काल पहिल्यांदा मी स्वतःला सोडून खिडकी पाहिली.

अन्सेल्मो मान वळवतो.
गोदामाकडे, माझ्याकडे.
वल्हं पाण्याबाहेर, थेंब गळताहेत,
होडी पुढे सरकत राहते, पण तो थांबलाय.
त्या अख्ख्या सिनेमात थांबलेला एकटाच.
काहीतरी विचारल्यासारखं त्याचं तोंड उघडतं,

आणि खांब येतो.